कॅम्पर ट्रेलरचा पंप नळ बंद असतानाही मधूनच वाजतो: गळती कशी शोधायची

रात्री सगळे नळ बंद असतात, माणसं झोपलेली असतात, आणि सिंकखालच्या कपाटातला पंप घर्रकन दोन सेकंद वाजून गप्प होतो. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. ट्रेलरमध्ये पाणी गळत असल्याचं हे सगळ्यात आधी कळणारं आणि सगळ्यात भरवशाचं लक्षण. बाकीची लक्षणं उशिरा येतात. काल भरलेली टाकी फारशी न वापरता सकाळी बोटभर खाली गेलेली असते. कपाटाच्या तळाचं प्लायवुड कडेला फुगतं, त्यावरचा सनमायका उचलतो. गादी वरून कोरडी पण खालून दमट लागते आणि कुबट वास येतो. कडक ऊन असताना चाकाच्या कमानीजवळ एक थेंब लोंबत असतो. याच्या उलट प्रकारही असतो: नळातून फुरफुरत पाणी येतं, पंप थांबायचं नाव घेत नाही, आणि ओल मात्र कुठेच नसते. तो बिघाड वेगळा आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

यातलं काहीही दिसलं तर पाना घेऊन जॉइंट आवळत सुटू नका. पंपाचा स्विच बंद करा, कपाट रिकामं करा, फडक्यानं सगळं कोरडं पुसा आणि मग एकेक तपासणी करा. गेल्या सहा वर्षांत आमच्या आणि मित्रांच्या तीन ट्रेलरवर हा बिघाड मी दहा-बारा वेळा काढलाय. त्यातल्या बहुतेक वेळा खर्च पन्नास-शंभर रुपयांच्या आत होता. मोठा खर्च झाला तो चुकीच्या जागी शोधल्यामुळे.

आपल्याकडे हे वारंवार का होतं तेही सांगतो. परदेशी पुस्तिकांमध्ये पहिलं कारण लिहिलेलं असतं पाणी गोठून पाइप फुटण्याचं. बेळगावची थंडी कितीही बोचरी असली तरी तिनं पाइप फुटत नाही. आपले जॉइंट सुटतात हादऱ्यांनी. चोर्ला घाटात किंवा जांबोटीच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर दोन तास ट्रेलर ओढला की प्रत्येक क्लिप, प्रत्येक आटा थोडा थोडा हलतो. दुसरं कारण प्रेशर. गच्चीवरच्या टाकीचं पाणी १० मीटर खाली आलं तरी त्याचं प्रेशर जेमतेम १४ पौंड (दर चौरस इंचाला, म्हणजे psi) असतं. ट्रेलरमधले १२ व्होल्टचे पंप बहुतेक ४० पौंडांवर बंद होतात. म्हणजे घरात वर्षानुवर्षं न गळणारा जॉइंट ट्रेलरमध्ये जवळजवळ तिप्पट जोर सोसत असतो. घरचंच सामान वापरून फिटिंग केलं असेल तर हे लक्षात ठेवा.

पहिली तपासणी: पाणी टाकीचं की पावसाचं?

ही फुकटची तपासणी आहे आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. एकदा जुलैमध्ये आम्ही कणकुंबीला दोन रात्री राहिलो. मलप्रभेच्या उगमाचं गाव ते, पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बायकोनं गादी उचलून दाखवली, खालची फळी ओलीचिंब. छपराच्या सांध्यातून पाणी येतंय अशी माझी खात्री पटली. घरी येऊन सांध्यावर सिलिकॉन भरलं. आठवड्यानं पुन्हा ओल. पुन्हा सिलिकॉन भरलं. शेवटी जिलबीत घालतात तो खाण्याचा केशरी रंग चिमूटभर टाकीत टाकला, पंप चालू ठेवला आणि फळीवर पांढरा कागद पसरला. तासाभरात कागदाच्या एका कडेला केशरी डाग पडला. पाणी छपरातून नव्हतंच. पंपाच्या पुढच्या एल्बोतून निघून फळीच्या उतारानं चार फूट सरकत गादीखाली जमत होतं.

म्हणून आधी रंग टाका. कार्बन फिल्टर असेल तर त्याची कांडी आधी काढून ठेवा, नाहीतर ती रंग शोषून घेईल आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही. कागदावर रंग आला तर पुढे वाचा. कागद ओला झाला पण रंग नाही, तर खिडकीची रबरं, छपराचे सांधे आणि मागच्या दिव्यांचे स्क्रू बघा. तो विषय नळकामाचा नाही. काम झाल्यावर टाकी दोनदा भरून धुऊन काढा.

दुसरी तपासणी: पंप किती वेळानं वाजतो

घड्याळ लावून बसा. सगळे नळ घट्ट बंद, पंप चालू. प्रेशर साधारण २५ पौंडांपर्यंत उतरलं की पंप स्वतःहून सुरू होतो आणि ४० ला थांबतो. दोन वाजण्यांमधलं अंतर म्हणजे तुमच्या गळतीचं माप. दर मिनिटाला वाजत असेल तर पाणी डोळ्यांना दिसेल इतकं जातंय, टॉर्च घेऊन शोधलं की सापडेल. तासा-दोन तासांनी एकदा वाजत असेल तर नळाच्या वॉशरमधून थेंब पडतोय किंवा एखादा जॉइंट नुसता घामेजतोय. हा आकडा लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजलं की काम झालं की नाही हे त्यावरूनच कळतं, अंदाजानं नाही.

थेंबाला कमी समजू नका. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं, आणि ते सगळं प्लायवुड पितं.

तिसरी तपासणी: पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करा

सगळ्या पोस्टमधली ही एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं लिहिणं कामी आलं. गळती डोळ्यांनी शोधायच्या आधी ती कुठल्या भागात आहे ते ठरवा. त्यासाठी पंपातून पाणी बाहेर पडतं त्या पाइपवर अर्ध्या इंचाचा बॉल व्हॉल्व्ह हवा. नसेल तर आजच बसवून घ्या, दर वेळी उपयोगी पडेल.

व्हॉल्व्ह बंद करा, पंप चालू करा. तो क्षणभर वाजून थांबेल. आता अर्धा तास वाट बघा. पंप गप्प राहिला तर गळती व्हॉल्व्हच्या पुढे आहे, म्हणजे पाइप, नळ, शॉवर किंवा गिझर यांपैकी कुठेतरी. मग व्हॉल्व्ह उघडून गिझरकडे जाणारी लाइन बंद करा आणि पुन्हा बसा. अशा रीतीनं दोन-तीन वेळा भाग पाडले की शोधायची जागा हातभर उरते. भिंतीचं पॅनेल उघडायची वेळ आलीच तर कुठलं उघडायचं हे आधी ठाऊक असतं.

आणि व्हॉल्व्ह बंद असूनही पंप वाजला तर? पंप ते व्हॉल्व्ह एवढ्या वीतभर तुकड्यावर बोट फिरवून बघा. तिथे कोरडं असेल तर पाणी बाहेर कुठेच गळत नाहीये. पंपातला परतीचा (पाणी मागे जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, म्हणून पुढचं प्रेशर पंपातूनच मागे टाकीत उतरतंय. याची खूण सोपी: पंप वाजतो, पण टाकीची पातळी हलत नाही आणि ओल कुठेच नाही. निपाणीच्या एका मित्राच्या ट्रेलरचं मी अर्धं पॅनेल खोललं होतं, आत सगळं खडखडीत कोरडं. मग पंपाचं डोकं उघडलं. रबरी पडद्याच्या कडेला बोअरच्या पाण्यातला वाळूचा एकच कण अडकला होता, मोहरीहूनही लहान. तो नखानं काढला, रबर धुतलं, स्क्रू बसवले, पंप रात्रभर गप्प. चार-सहा स्क्रूंचं काम आहे. रबर कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर बहुतेक पंपांचा व्हॉल्व्ह-किट वेगळा मिळतो, अख्खा पंप बदलायची गरज नसते.

पंप थांबतच नसेल तर उलट्या बाजूला बघा

मघाशी म्हटलेला फुरफुरणारा प्रकार तो हा. टाकी ते पंप या भागात पंप पाणी ओढत असतो, त्यामुळे तिथे फट पडली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. हवा मिसळली की प्रेशर ४० पर्यंत चढत नाही आणि पंप चालूच राहतो. आधी टाकीत पाणी आहे ना ते बघा. मग पंपाच्या आधीचा जाळीचा फिल्टर उघडा, जाळी धुवा, झाकणाखालची ओ-रिंग बोटांत दाबून बघा. दहापैकी सात-आठ वेळा हीच ओ-रिंग चपटी झालेली असते किंवा झाकण तिरपं बसलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात पाच-दहा रुपयांत मिळते, फक्त जुनी सोबत न्या. एक सूचना: या बाजूला साबणाचा फेस लावून काही कळत नाही, फेस आतच ओढला जातो. तिथली नळी पारदर्शक टाका, बुडबुडे नुसते दिसतात.

चौथी तपासणी: जॉइंट, एकेक करून

आता टॉर्च आणि कागद. मी वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या कापतो आणि प्रत्येक जॉइंटला खालून एक गुंडाळतो. जिथे कागद गडद झाला तो जॉइंट. फारच बारीक गळती असेल तर जॉइंट पुसून त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडा. पाणी निघतं तिथे पावडरीत केसासारखी काळसर रेघ उमटते. हाताला ओल लागायच्या आधी ती डोळ्यांना दिसते.

चिक्कोडी-अथणीकडे बोअरच्या जड पाण्यानं टाकी भरत असाल तर आणखी सोपं. बारीक गळतीचं पाणी थेंब व्हायच्या आत वाळतं आणि जॉइंटभोवती पांढरी खपली धरते. खपली दिसली की तो जॉइंट कधीतरी गळलाय, आज कोरडा असला तरी. बेळगावला येणारं राकसकोप जलाशयाचं पाणी भरलं की अशी खपली फारशी दिसत नाही, तिथे कागदावरच भरवसा.

क्लिप सैल असेल तर आवळा, पण पाइप थंड असताना एकदा आणि गरम पाणी सोडून झाल्यावर पुन्हा एकदा. जाळीदार प्लास्टिक नळी गरम पाण्यानं मऊ पडते, क्लिप तिच्यात रुतते, आणि नळी थंड झाली की तिथेच फट राहते. क्लिपखाली नळीवर खोल वण पडला असेल तर तेवढा इंचभर तुकडा कापून नवी जागा पकडा. जुन्या वणावरच आवळलेली क्लिप पुढच्या घाटापर्यंतच टिकते.

आट्यांच्या जॉइंटबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच हैराण होतात. आट्यांवर टेप (पांढरी टेफ्लॉन टेप) लावली, घट्ट केलं, तरी गळतं. पुन्हा सोडलं, जास्त टेप लावली, तरीही गळतं. बाहेरून आणलेल्या बऱ्याच पंपांचे आटे अमेरिकन मापाचे असतात आणि आपल्या दुकानांतलं नळसामान ब्रिटिश मापाचं. अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ च आटे, म्हणून एकमेकांत ते चार-पाच फेरे छान फिरतात आणि बसल्यासारखे वाटतात. पण एकाच्या आट्याचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५, आणि व्यासातही थोडा फरक. ही फट टेपनं भरत नाही आणि जोर लावला तर प्लास्टिकचा मायला (आतून आटे असलेला) भाग उभा चिरतो. उपाय दोन. सपाट रबरी वॉशरवर बसणारं फिरतं निपल वापरा. तिथे पाणी वॉशर अडवतं, आटे नुसते पकडून ठेवतात, म्हणून टेपही लावायची नाही. नाहीतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवर एका बाजूला एक माप आणि दुसऱ्या बाजूला दुसरं असं पितळी निपल करून घ्या. कारागिराच्या हातात दोन्ही नमुने दिले की तो गेज लावून लगेच सांगतो. मी चार करून आणलीत, त्यातली दोन कायम ट्रेलरच्या पेटीत असतात.

साध्या, एकाच मापाच्या आट्यावर टेप मात्र जरूर लावा. आट्याचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेनं ताणून गुंडाळा, आपल्याकडच्या पातळ टेपचे सात-आठ वेढे. उलट दिशेनं लावली तर घट्ट करताना ती सुटून बाहेर येते.

आखडून बसवलेला कडक सीपीव्हीसी पाइप पंपाला थेट जोडलेला असेल तर तो जॉइंट पुन्हा पुन्हा जाणारच. पंप थरथरतो, पाइप थरथरत नाही, मग सोल्युशननं चिकटवलेली जागा तडकते. पंपाच्या दोन्ही बाजूंना फूटभर लवचिक नळी हवी. चिरलेल्या जागेवर इपॉक्सीची लांबी (पुट्टी) थापून काम भागवू नका. ती तात्पुरतीच सोय असते. तेवढा भाग कापून नवा घाला.

गिझरखाली थेंब

गिझर तापताना त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं पाणी येणं हा बिघाड नाही. पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की दीड टक्क्यानं फुगतं. ६ लिटरच्या गिझरमध्ये ते साधारण ९० मिलिलिटर होतं. पंपातला परतीचा व्हॉल्व्ह त्याला मागे जाऊ देत नाही, मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच वाट काढतं. त्याच्या तोंडाला नळी लावून ती ट्रेलरच्या बाहेर सोडा. गिझर बंद आणि थंड असतानाही तिथून पाणी येत असेल तर मात्र तो व्हॉल्व्ह बदला. थेंब पडतो म्हणून तिथे बूच कधीही मारू नका. वाढलेल्या प्रेशरला दुसरी वाट राहत नाही आणि टाकी फुटू शकते.

सांडपाण्याची बाजू तपासून लवकर होते. पंप वाजत नाही पण भांडी घासली की खाली ओल दिसते, तर सिंकची जाळी आणि वेड्यावाकड्या पाइपची चकती बघा. सिंक भरून बूच काढा आणि खाली हात धरा. तिथे प्रेशर नसतं, हातानं आवळलं तरी पुरतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

गॅसचा वास आला तर पाण्याचं काम तिथल्या तिथे सोडा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीलगत साचतो, आणि गळती शोधणारा माणूस नेमका तिथेच तोंड घालून पालथा पडलेला असतो. सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, पंपाचंसुद्धा नाही. बाहेर लांब जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा. गॅस गिझरचा गॅसकडचा कुठलाही जॉइंट मी स्वतः कधी उघडलेला नाही आणि तुम्हीही उघडू नका.

२३० व्होल्टची वायर, प्लगबोर्ड किंवा गिझरचं कनेक्शन ओलं दिसलं तर बाहेरून येणारी केबल काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत आत हात घालू नका. गिझरची टाकीच अंगातून गळत असेल, तर तीही घरी वेल्डिंग करायची वस्तू नाही.

बोट दाबल्यावर फरशीचं प्लायवुड आत जात असेल तर गळती थांबवून भागत नाही. खालची चौकट आणि टाकीचे पट्टे गंजलेत का हे ट्रेलर उचलून बघावं लागतं. ८० लिटरची भरलेली टाकी म्हणजे ८० किलो वजन, ते कुजक्या फळीवर घेऊन रस्त्यावर जाऊ नका. फॅब्रिकेटरकडे न्या. आणि एकच जॉइंट नीट करून तिसऱ्यांदा गळला, तर दोष जॉइंटमध्ये नसून पाइपच्या मांडणीत आहे. तिथे अनुभवी प्लंबरला मांडणी दाखवा.

गोकाक किंवा सौंदत्तीच्या बाजूला अडकलात आणि मिस्त्रीला मराठी येत नसेल, तर पंपाकडे बोट दाखवून 'नीर सोराकत्तैति' (कन्नडमध्ये 'पाणी गळतंय') एवढं म्हटलं तरी तो पिशवी उचलून निघतो. पुढे व्हॉल्व्ह बंद करून पंप वाजवून दाखवा, ती भाषा सगळ्यांना कळते.

दुरुस्तीनंतर

दुसऱ्या तपासणीत लिहिलेला आकडा पुन्हा मोजा. रात्रभर पंप एकदाही वाजला नाही तर काम झालं. गाडी चालू असताना पंपाचा स्विच कायम बंद ठेवा. मिनिटाला ११ लिटर फेकणारा पंप असेल आणि वाटेत नळी निसटली तर ८० लिटरची टाकी सात-आठ मिनिटांत फरशीवर रिकामी होते, आणि पुढे गाडी हाकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

नवीन जॉइंट केला की पहिला प्रवास छोटा करतो. वेंगुर्ला रोडनं निघालो तर शिनोळी ओलांडून गाडी बाजूला घेतो, पाच मिनिटं पंप चालू करून प्रेशर चढू देतो, मग सिंकखालचं कपाट उघडून कागदाच्या पट्ट्या बोटांनी चाचपतो. पट्टी ओली असेल तर तिथेच क्लिप आवळतो. कोरडी असेल तर शेगडीवर चहाचं आधण ठेवतो.